ओलायाच्या पावात विष नव्हतं

स्पेनमधल्या आमच्या वाल्देओका गावाच्या चौकात, जुन्या भट्टीच्या भिंतीवर, एक दगडी पाटी आहे. पाटी सुबक आहे, अक्षरं खोल कोरलेली आहेत, आणि ती धडधडीत खोटं बोलते. तिच्यावर लिहिलंय : 'या भट्टीत १८१२ साली शूर ओलायाने फ्रेंच शिपायांसाठी विषारी पाव भाजला आणि आपले गाव वाचवले.' पाटी काढायला नगरसभेचा ठराव लागतो, आणि ठरावाला अजून मुहूर्त सापडलेला नाही. उन्हाळ्यात शहरातून येणारे लोक तिच्यापुढे उभे राहून फोटो काढतात. तेव्हा समोरच्या कमानीखाली, वेताच्या खुर्चीत, एक म्हातारी काठी दगडावर आपटत त्यांच्याकडे बघत बसलेली असायची. तिचं नाव कासिल्दा बार्रिऊसो. ओलायाला जन्म दिला तो तिनं. पावात विष मात्र तिनं घातलं नव्हतं.

कासिल्दा कादंबऱ्या लिहायची, पण गावात तिला लेखिका म्हणून कुणी ओळखलं नाही. गावाला ती टेलिफोनवालीच. जेव्हा सगळ्या वाल्देओकाला एकच टेलिफोन होता, तेव्हा त्याची खोली कासिल्दाकडे होती. भिंतीला भोकांची फळी, हातात वायरी, कानाला काळा डबा. बिल्बाओच्या कारखान्यात गेलेला मुलगा आईशी बोलायचा तो तिच्या हातून, आणि सोरियाच्या इस्पितळातून मरणाची बातमी यायची तीही तिच्याच कानातून. दोन जोडण्यांच्या मधल्या रिकाम्या वेळात ती लिहायची. जुन्या काळाच्या कादंबऱ्या. लोक विचारायचे, "कासिल्दा, आजचं काहीतरी लिही की. मेलेल्यांचं काय उगाळत बसतेस?"

"मेलेले बोलता बोलता मध्येच फोन ठेवत नाहीत," ती म्हणायची.

पहिलं पुस्तक 'लोकरीचे काफिले'. मेंढरांचे कळप घेऊन डोंगर उतरणारे धनगर, लोकरीच्या गाड्या ओढत उत्तरेच्या बंदराकडे जाणारे बैल, आणि त्या लोकरीवर माजलेले सावकार. माद्रिदच्या एका प्रकाशकानं ते घेतलं, पण बाईचं नाव मुखपृष्ठावर नको म्हणाला. इतिहास बाईनं लिहिलाय म्हटलं की लोक पाककृती शोधतात, असं त्याचं म्हणणं. नावाच्या जागी नुसतं 'क. बार्रिऊसो' छापलं. मग एका मोठ्या वर्तमानपत्रानं लिहिलं, की या नव्या लेखकाची लेखणी पुरुषी ताकदीची आहे. कासिल्दानं ते कात्रण टेलिफोनच्या फळीवर टाचणीनं लावलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत राहिली, "बघा हो, माझ्या लेखणीला मिशा फुटल्यात!" हसायची, पण हसताना तिच्या नाकपुड्या फुललेल्या असायच्या. तो राग तिनं कधी सोडला नाही. दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी तिनं प्रकाशकाला फोन लावला, स्वतःच्याच फळीवरून, आणि म्हणाली, "पूर्ण नाव छापा, नाहीतर ही वायर आत्ता काढते." 'विहिरीतली घंटा' तिच्या पूर्ण नावानं आलं. मग 'दाईची साक्ष' आलं. सुईणीला धर्मपीठापुढे उभं करतात आणि ती एकेका न्यायाधीशाला त्याच्या जन्माची वेळ सांगते, ते पुस्तक.

लिहायची तिची एक रीत होती. लिहिलेलं पान ती शेजारच्या प्रिमितीवाला मोठ्यानं वाचून दाखवायची. प्रिमितीवा तिची लहानपणापासूनची मैत्रीण, जिभेला हाड नसलेली, आणि तिला वाचता येत नव्हतं. ती मांडीत परात घेऊन शेंगा सोलत बसायची. वाचताना तिचे हात चालत राहिले, की कासिल्दा ते पान फाडायची. हात थांबले, की पान राहायचं.

'ओलायाचा पाव' वाचताना ते हात पहिल्या पानापासून थांबले होते. शेंगा दुसऱ्या दिवशीच सोलल्या गेल्या.

ती गोष्ट अशी आहे. फ्रेंचांशी युद्ध चालू आहे. हरलेल्या फ्रेंच शिपायांची एक रांग, दोराला बांधलेली, गावातून नेत आहेत. पायांत चिंध्या, पोटात काही नाही, त्यातले कितीतरी अजून मिसरूड न फुटलेले. भट्टीवाली ओलाया दारात येते, बघते, आत जाते, आणि त्या दिवसाची सगळी भाजणी टोपलीत घालून बाहेर आणते. मोडून मोडून त्यांच्या तोंडात घालते, कारण त्यांचे हात बांधलेले आहेत. रांग निघून जाते. मग गाव ओलायाला चौकात ओढतं, तिचं डोकं भादरतं, आणि पुढे वाजंत्री लावून तिला पुलापलीकडे हाकलून देतं. पुस्तक तिथंच संपतं. पुलावर, पाठीमागे वाजंत्री वाजत असताना.

ओलाया नावाची बाई आमच्या गावात कधी नव्हती. पण बासिलिसा होती.

बासिलिसा म्हणजे कासिल्दाची आई. यादवी युद्ध नुकतंच संपलं होतं. तिच्या नवऱ्याला सुरुवातीलाच उचलून नेलं होतं, तो परत आला नव्हता. गावची भट्टी ती चालवायची. शरदात एका सकाळी हरलेल्या बाजूच्या कैद्यांची रांग, रस्ता बांधायला, चौकातून गेली. आपलीच माणसं, आपलीच बोली. बासिलिसानं टोपली बाहेर आणली. संध्याकाळी तिला त्याच चौकात खुर्चीवर बसवलं. गावच्या न्हाव्यानं तिचे केस मेंढीची लोकर उतरवावी तसे उतरवले, तिला एरंडेल पाजलं, आणि वाजंत्री पुढे लावून गल्लीगल्लीतून फिरवलं. वाजंत्री आनंदाचं वाजवत होती, बैलांच्या खेळाच्या वेळी वाजवतात ते. चार वर्षांची कासिल्दा प्रिमितीवाच्या आईच्या शालीआड उभी होती. शाल डोळ्यांवर ओढली होती, पण कान झाकायला कुणाला सुचलं नाही.

बासिलिसाचे केस परत आले ते पांढरे. ती पुन्हा कधी चौकात आली नाही. भट्टी दुसऱ्या बाईकडे गेली. बासिलिसा मेली तेव्हा कासिल्दा टेलिफोनवर होती, आणि आईच्या मरणाची बातमी तिनं स्वतःच गावोगावी जोडून दिली.

यादवी युद्ध जिंकलेल्या जनरलचं राज्य होतं तोवर हे छापायचं नाव कोण काढणार? म्हणून कासिल्दानं आईला सव्वाशे वर्षं मागे नेलं, तिला झगा दिला, लाकडी जोडे दिले, कैद्यांना फ्रेंच बोलायला लावलं. सरकारी माणूस लाल पेन्सिल घेऊन पुस्तक तपासायला बसला. त्याला फ्रेंच दिसले, त्यानं शिक्का मारला. सरकारी माणसाला कळलं नाही. गावाला पहिल्या फटक्यात कळलं. ज्यांचं वय झालं होतं, त्यांनी पुस्तक एकमेकांकडून मागून वाचलं आणि मिटून ठेवलं. कुणी एक शब्द बोललं नाही. फक्त बरीच माणसं फोन करायला दुसऱ्या गावी जाऊ लागली. इथली लाईन खराब आहे म्हणे.

कासिल्दानं पुढेही लिहिलं. नावाजली गेली, प्रांताकडून सन्मानाचं मोठं तबक मिळालं, त्यात ती कांदे ठेवायची. मग घरोघरी टेलिफोन आले, तिची फळी भिंतीवरून उतरली, आणि तिनं खुर्ची कमानीखाली नेली. जनरल मेला, राज्य बदललं. वाल्देओका मात्र रिकामं होत गेलं. शाळा बंद, चक्की बंद, मनोऱ्यावर करकोचे तेवढे वाढले.

तेव्हा आमचा नगराध्यक्ष एलाडिओ मासुएलो याला कल्पना सुचली. एका गावाचा बैल प्रसिद्ध, दुसऱ्या गावाची मूर्ती प्रसिद्ध, आपलं काय? आपली ओलाया! ऑगस्टमध्ये सण करायचा, जुने कपडे घालायचे, चौकात फ्रेंच आणायचे, लोक येतील, हॉटेलात जेवतील. फक्त एक अडचण होती. शत्रूला जेवू घालणाऱ्या आणि गावानं हाकललेल्या बाईचा सण कोण करणार? मग एलाडिओनं शेवट जरा दुरुस्त केला. ओलाया पाव देते, फ्रेंच खातात, तडफडून मरतात, ओलाया कमरेवर हात ठेवून हसते, वाजंत्री वाजते, गाव नाचतं.

पहिल्या वर्षी लोक म्हणाले, "एलाडिओनं गंमत केलीय." पाचव्या वर्षी म्हणाले, "आपली प्रथा आहे." पंधराव्या वर्षी पाटी लागली. पुढे तर अशा बायका निघाल्या, ज्यांना त्यांच्या आज्यांनी ओलायाची गोष्ट चुलीपाशी सांगितली होती. चुलीपाशी! जी बाई टेलिफोनच्या खोलीत जन्मली, ती!

आणि पाव. हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्याकडे पाव जमिनीवर पडला तर उचलून, फुंकर मारून, ओठांना लावतात. कापण्याआधी सुरीनं त्याच्या पाठीवर क्रूस काढतात. कुणी शिकवत नाही, हात आपोआप जातो. पण या सणात टोपल्यांवर टोपल्या भरून पाव चौकात फेकतात, फ्रेंचांच्या अंगावर, गर्दीच्या डोक्यावर. विषारी पाव ना तो! खायचा नसतो. संध्याकाळपर्यंत चौकभर तुडवलेला पाव पडतो आणि सकाळी झाडूनं गोळा करतात. कासिल्दा दर वर्षी त्या दिवशी खुर्ची आत घ्यायची आणि दार लावून बसायची.

एकदा चष्मा लावलेल्या एका पाहुण्यानं तिला कमानीखाली गाठलं. हातात 'ओलायाचा पाव' होतं.

"बाई, पुस्तक छान आहे," तो म्हणाला, "पण शेवट चुकलाय तुमचा. मी गावात विचारलं. ओलायाला हाकललं नव्हतं. तिनं विष घातलं होतं. लिहिण्याआधी इथल्या लोकांना विचारायला हवं होतं."

कासिल्दानं काठी मांडीवर आडवी ठेवली.

"खरंय," ती म्हणाली. "इथल्या लोकांना विचारायचंच राहून गेलं. तेव्हा सगळे फार घाईत होते."

त्या रात्री ती जेवली नाही. प्रिमितीवानं लसणाचं सूप आणून ठेवलं ते तसंच गार झालं.

सणाला पंचविसावं वर्ष लागलं त्या उन्हाळ्यात एलाडिओ स्वतः तिच्या दारी आला. बडीशेपेच्या बिस्किटांचा डबा घेऊन. प्रिमितीवा टेबलापाशी शेंगा सोलत बसलेलीच होती.

"मावशी, कशा आहात? यंदा सणाची दवंडी तुम्ही द्यायची. बाल्कनीतून. गावाचा मान आहे तो."

"पंचवीस वर्षांनी आठवण झाली?" कासिल्दा म्हणाली.

"तुमची तब्येत..."

"तब्येतीला काय धाड भरलीय? गेल्या वर्षी दवंडी त्या हवामान सांगणाऱ्या पोरानं दिली. त्याला आपल्या गावचा पाऊससुद्धा कधी सांगता आला नाही."

प्रिमितीवा खुसखुसली. एलाडिओही हसला. मग त्यानं पिशवीतून काही टाईप केलेली पानं काढली आणि बिस्किटांच्या डब्याशेजारी ठेवली.

"आणि मावशी, पुस्तक पुन्हा छापायचंय. नगरसभेतर्फे. सुंदर कागद, चित्रं. फक्त शेवटचं प्रकरण तेवढं प्रथेप्रमाणे केलंय. लोक पुस्तक विकत घेतात, वाचतात, आणि गोंधळतात ना."

"म्हणजे माझ्या पुस्तकाचा शेवट तू लिहिलास?"

"मी नाही. समितीनं."

"समितीनं!" कासिल्दा उठून उभी राहिली, काठी न घेता. "अरे, माझ्या घरात ससा रांधायला तुझी समिती येत नाही, माझ्या छपराची गळती बघायला येत नाही, आणि माझ्या ओलायाच्या हातात विष द्यायला येते? आयुष्यात मी एकच बाई अशी लिहिली की जिच्यापुढे मला मान खाली घालावीशी वाटते. तिला तू खुनी बनवलंस, तिच्या नावानं दारू विकलीस, आता तिला माझ्याच हातानं मारायला सांगतोस?"

"मावशी, एवढं काय... ती काही खरी नव्हती."

प्रिमितीवानं हातातली शेंग खाली ठेवली.

"पानं उचल," कासिल्दा म्हणाली. "बिस्किटं राहू देत, प्रिमितीवाला आवडतात. दवंडी मी देईन. पण शेवटाला हात लावलास तर मी चौकात खुर्ची टाकून मरेन आणि तुझा सण सुतकात जाईल."

एलाडिओ गेल्यावर प्रिमितीवा म्हणाली, "अगं बये, दवंडीला हो कशाला म्हणालीस? तुला तिथं बाहुलीसारखी उभी करणार तो."

"बाल्कनीत भोंगा असतो. भोंग्यातून एकदा नाव निघालं की परत घालता येत नाही."

"कुणाचं नाव?"

"तुला माहीत आहे कुणाचं."

प्रिमितीवाला माहीत होतं. सगळ्या म्हाताऱ्यांना माहीत होतं. पण ज्या संध्याकाळी केस उतरवले, त्या संध्याकाळपासून ते नाव कुणी चौकात उच्चारलं नव्हतं. कासिल्दानंसुद्धा नाही. तिनं आठ पुस्तकं लिहिली, राण्यांची नावं घेतली, सुईणींची घेतली, बैलांचीसुद्धा घेतली. आईचं नाव तिनं कुठंच लिहिलं नाही.

सणाच्या दुपारी चौक भरला. नगरसभेच्या बाल्कनीला लाल कापड. एलाडिओ फ्रेंच कप्तानाच्या वेशात, निळा कोट, खांद्यावर सोनेरी झालर, कारण सगळ्यांत चांगला पोशाख दर वर्षी त्याचाच. शेजारी कासिल्दा, काळ्या झग्यात, केस घट्ट बांधलेले. खाली वाजंत्री सज्ज. टोपल्या रचलेल्या.

कासिल्दानं भोंगा धरला.

"शेजाऱ्यांनो, ओलाया नावाची बाई या गावात कधीच नव्हती."

चौक हसला. म्हातारी मजा करतेय.

"ती मी टेलिफोनच्या खोलीत बसून घडवली, तुमचे फोन जोडता जोडता."

आणखी हशा, टाळ्या. कुणीतरी ओरडलं, "मावशी, मला बिल्बाओ जोडून द्या!"

"तिच्या पावात विष नव्हतं," कासिल्दा म्हणाली. तिचा आवाज चढला. "तिनं उपाशी माणसांना जेवू घातलं, आणि या चौकानं तिचे केस उतरवले. आणि ज्या बाईचे खरोखर उतरवले, तिचं नाव..."

एलाडिओनं निळ्या बाहीतला हात वर केला. वाजंत्री सुरू झाली. पितळेची, ढोलाची, आनंदाची. बैलांच्या खेळाच्या वेळी वाजवतात ती. कासिल्दाचे ओठ हलताना दिसत होते, पण नाव त्या आवाजात बुडालं. पुन्हा एकदा, त्याच चौकात, त्याच सुरावटीत.

"छान बोललात मावशी," एलाडिओ तिच्या कानाशी म्हणाला. "आता मला खाली मरायला जायचंय." आणि तो जिना उतरून गेला.

बाल्कनीत कासिल्दा लाल कापड मुठीत धरून उभी राहिली. खाली फ्रेंचांची रांग आली. ओलायाचं काम करणारी नोएमी, औषधाच्या दुकानातली, टोपली घेऊन भट्टीतून बाहेर पडली. पाव उडू लागले. फ्रेंचांनी एकेक घास तोंडाला लावल्यासारखं केलं, पोट धरलं, आणि माणसं हसून लोळेपर्यंत तडफडून दगडांवर आडवे झाले. सगळ्यांत शेवटी कप्तान पडला, चौकाच्या मधोमध, कोट मळणार नाही अशा बेतानं.

आणि मग लोकांना दिसलं, की काळ्या झग्यातली म्हातारी चौकात उतरली आहे.

ती मेलेल्यांमधून चालत आली. काठीच्या टोकाला लागलेला एक गोल पाव पाहून थांबली. वाकली. वाकायला तिला वेळ लागला. तिनं पाव उचलला, फुंकर मारली, ओठांना लावला. अंगठ्याच्या नखानं त्याच्या पाठीवर क्रूस काढला, मोडला, आणि एक तुकडा तोंडात घातला. वाजंत्रीवाल्यांपैकी काहींनी वाजवणं थांबवलं. ढोलवाला तेवढा वाजवत राहिला, तर कमानीखालून प्रिमितीवा ओरडली, "अरे मेल्या, हात मोडले तुझे! थांबव!" आणि ढोल थांबला.

कासिल्दा चावत चावत कप्तानापाशी आली आणि त्याच्या शेजारी दगडावर बसली.

"ऊठ, एलाडिओ."

"मावशी, काय करताय?" एलाडिओ ओठ न हलवता म्हणाला. "मी मेलोय."

"खा म्हणजे उठशील."

"लोक बघतायत."

"तेव्हाही बघत होते. इथंच खुर्ची होती. तू पडलायस तिथं. तुझा आजोबा कात्री घेऊन मागे उभा होता."

एलाडिओनं डोळे उघडले. आभाळाकडे पाहिलं, तिच्याकडे नाही.

"माहीत आहे मला," तो हळूच म्हणाला. "मरताना सांगितलं त्यानं. तुमचं पुस्तक उशाशी होतं. मावशी, मी ओलायाचं वाईट व्हावं म्हणून नाही केलं ते. विष असलं की तिला कुणी हाकलायला नको. गाव तिच्या पायाशी. सगळेच सुटतात."

कासिल्दाचं चावणं थांबलं.

पंचवीस वर्षं तिला वाटत होतं की हा माणूस मूर्ख आहे. मूर्खपणाला तिनं शिव्या घातल्या होत्या, मूर्खपणाला दार लावून घेतलं होतं. आता कळलं की याला सगळं कळत होतं. राग तिच्या छातीत असा वर आला की क्षणभर तिला दिसेना.

"सगळे सुटतात," ती म्हणाली. "तुझ्या आजोबाची कात्री धुऊन निघावी म्हणून माझ्या आईला तू पावात विष कालवायला लावलंस. तिनं आयुष्यात एक चांगली गोष्ट केली, त्याची शिक्षा भोगली, आणि तू ती चांगली गोष्टच तिच्या हातातून काढून घेतलीस. केस तर परत आले होते रे. हे कसं परत येणार?"

एलाडिओच्या खांद्यावरची सोनेरी झालर वाऱ्यानं हलत होती. पाहुणे मोबाईल वर धरून उभे होते; त्यांना वाटत होतं, यंदा काहीतरी नवं बसवलंय.

कासिल्दानं पावाचा तुकडा त्याच्या तोंडाशी धरला. हात मागे हटत नव्हता.

नगराध्यक्षानं गावाकडे पाहिलं. त्यानं खाल्लं तर पावात विष नाही. विष नाही तर सण नाही, पाटी खोटी, आणि कात्री पुन्हा कात्री. हे त्याला कळत होतं, आणि कमानीखाली उभ्या असलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांनाही. त्यानं तोंड उघडलं आणि खाल्लं. नीट चावलं. मेलेला फ्रेंच कप्तान भर चौकात उठून बसला आणि पाव गिळला.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. गावानं नाही.

"आता नाव घे," कासिल्दा म्हणाली.

"मावशी..."

"मी वर घेतलं तर तू वाजंत्री लावलीस. आता तू घे."

"बासिलिसा," एलाडिओ म्हणाला.

"मोठ्यानं. तुझ्या आजोबानं केस उतरवले तेव्हा हळू नव्हते उतरवले."

एलाडिओ उभा राहिला. निळ्या कोटाला माती लागली होती. "बासिलिसा बार्रिऊसो!" तो ओरडला, आणि त्याचा आवाज मध्येच फाटला.

"हजर!" कमानीखालून प्रिमितीवा ओरडली, मेलेल्यांचं नाव घेतल्यावर ओरडतात तसं. तिच्या मागे आणखी एक म्हातारा आवाज आला. मग आणखी एक. मग बराच वेळ कुणाचाच नाही, आणि काही माणसं पाठ फिरवून घराकडे चालू लागली, तीही म्हातारीच.

नोएमी टोपली कमरेला धरून उभीच होती. तिला आता कमरेवर हात ठेवून हसायचं होतं. तिनं हसायचं सोडून दिलं. ती पहिल्या मेलेल्या शिपायापाशी बसली, पाव मोडला, आणि त्याच्या तोंडात घातला. शिपाई उठून बसला. मग ती दुसऱ्याकडे गेली. कमानीखालचे म्हातारे हळूहळू चौकात उतरले आणि पायांखालचे पाव वेचू लागले. उचलायचे, फुंकर मारायचे, ओठांना लावायचे.

प्रिमितीवा कासिल्दाला उठवायला आली.

"चल गं. आता तरी बरं वाटलं का?"

"नाही," कासिल्दा म्हणाली. "पाटी अजून तिथंच आहे." तिनं मुठीतला उरलेला तुकडा प्रिमितीवाच्या हातात ठेवला. "खा. पाववाल्या गोयोनं यंदा मीठ कमी घातलंय."